कॅल्शियमचे ठिपके

"सोडियम दिसला तर शालनबाई उद्यापासून लाईनवर नकोत," मॅनेजर साहेब म्हणाले आणि लॅबच्या दारातच उभे राहिले.

आमच्या कुडाळजवळच्या कारखान्यात सोलर सेल बनतात. लॅबमध्ये लेझरच्या मशीनवर मी ते तपासतो. आठवडाभर काही सेल एका कडेला कमी वीज देत होते. शालनकाकू भट्टीआधी सिलिकॉनचे कागदासारखे पातळ काप, म्हणजे वेफर, ट्रेमध्ये लावते. घामात मीठ असतं, मिठात सोडियम. काकू ग्लोव्ह काढून काम करते, असा साहेबांचा संशय होता.

काकू आमच्याच आचरा गावची. नवरा गेल्यावर घर तिच्या पगारावर चाललंय.

"ग्लोव्ह मिया एकदाय काढूक नाय रे झिला," ती साहेबांच्या मागून म्हणाली. "तुझ्या मशीनीक खरा सांगूक येता मा?"

"येता, काकू."

लेझरचा ठोका वेफरवर पडला की सुईच्या टोकाएवढी ठिणगी उडते. त्या ठिणगीत प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाचा प्रकाश देतं. ओळीने ठोके मारत प्रकाश वाचत गेलं, की कुठे काय आहे याचा नकाशा तयार होतो.

नकाशात एका कडेला ठिपके होते. सोडियम नावापुरता. कॅल्शियम आणि पोटॅशियम मात्र भरपूर.

"हा घाम नाही, साहेब. राख वाटते."

"राख? इथे कोण चूल पेटवतंय?"

"त्या कडेक मी नसतंय," काकू हसत म्हणाली. "रोज सकाळी थंयसून ट्रेवर वाकान बघतस तो तूच."

माझा हात ॲप्रनच्या खिशाकडे गेला. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नोकरीच्या पहिल्या दिवशी आईने ग्रामदेवतेच्या अंगाऱ्याची पुडी दिली होती. "छातीकडे ठेव," म्हणाली होती. तेव्हापासून ती तिथेच होती. घडीवर कागद झिजून फाटला होता.

चिमूटभर अंगारा चिकटपट्टीवर घेऊन मी लेझरखाली ठेवला. तेच रंग.

"साहेब, चूक माझी आहे." मी पुडी टेबलावर ठेवली.

साहेबांनी स्क्रीनवर दोन्ही निकाल ताडून पाहिले. "रिपोर्ट तूच लिही. स्वतःचं नावही घाल." मग वळून म्हणाले, "शालनबाई, सॉरी. उद्या वेळेवर या."

पुढच्या महिन्यात सगळ्यांना बिनखिशाचे ॲप्रन आले. त्याआधीच काकूने मला फिरकीच्या झाकणाची डबी आणून दिली होती.

"ह्येच्यात भर नि लॉकरात ठेव. देव काय थंय गुदमरूचो नाय."

नवीन इंजिनियर आले की मी त्यांना आधी मशीन दाखवत नाही. दुसऱ्याचे हात तपासण्याआधी स्वतःचे खिसे उलटे करायला सांगतो.