सावली पाहुण्यांसाठी थांबत नाही

मंडळी, आज दिल्लीत मयूर विहारच्या एका शाळेत अंतराळविज्ञानाच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणा होतो.

मुलं मध्याह्नी काठीची सावली मोजणार होती. पुण्यातली एक शाळाही आजच मोजणार, आणि दोन्ही आकड्यांवरून पृथ्वीचा परीघ काढायचा. मी तासभर उशिरा पोहोचलो. तोवर मुलांना स्वागतगीतासाठी सभागृहात बसवून ठेवलं होतं आणि मध्याह्न टळून गेला होता.

"कल नाप लेंगे, सर. सूरज कहाँ जाएगा?" माझ्या खांद्यावर शाल घालत प्राचार्या म्हणाल्या.

"पुण्याला उद्यापासून सुट्टी आहे, काका," सातवीतली तन्वी मराठीत म्हणाली. तिच्या वहीत पुण्याचा आकडा होता. दिल्लीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'पाहुणे यायचे होते.'

प्राचार्यांनी त्याच वहीवर माझा शेरा मागितला. भर दुपारी सूर्याला अर्घ्य द्यायची माध्याह्न संध्या मुखोद्गत असलेल्या मी लिहिलं, 'उत्तम प्रयत्न'.

तुम्ही काय लिहिलं असतं?