फोकसरवरची लाल रेघ

चितेगावच्या कंपनीत मी जलमभर लेथ चालवला. म्हणून घरी दुर्बीण बनवली तेव्हा फोकसर, म्हंजे डोळा लावायचं भिंग मागं-पुढं सरकवणारा भाग, विकत आणला नाय. नळीत नळी बसवली आन हातानं ढकलायची. लई मिजास होती मला त्याची.

गारखेड्यात आमच्या शेजारी घड्याळवाले भाई. त्यांच्याकडंबी दुर्बीण, पण तिचा फोकसर विकतचा, दातेरी चाकाचा. बायको माझी दुर्बीण सोडून त्यांच्या गच्चीवर चंद्र बघाया जायची.

“तुमची नळी हात काढला की घसरती. भाईंचं चाक बघा, लोण्यावानी फिरतं.”

“मग तिथंच ऱ्हा.”

“ऱ्हाते की. भाभी चहा तरी बरा करत्यात.”

ती हसायची. मी खरंच जळायचो.

ती वारल्यावर वर्षभर दुर्बिणीवर पोतं होतं. मग ठरवलं, फोकसर घ्यायचा, भाईंच्याहून भारी. आता कुणाला दाखवायचा होता, कुणास ठाऊक. भाईंना कळलं. ते स्वतःचाच फोकसर भिंगासकट घेऊन आले.

“बडे भाई, माझे गुडघे गेले. गच्ची चढवत नाय. तुम लगा लो.”

नको म्हणणार, तेवढ्यात नळीवर नेलपॉलिशच्या दोन लाल रेघा दिसल्या. मधी सूतभर अंतर.

“ह्या कशाच्या?”

“खालची तुमच्या घरच्या भाभीची, वरची माझी. त्या जाड चष्मा काढून बघायच्या ना. दरवेळी शोधायला नको म्हणून त्यांनीच मारल्या.”

अंगाची आग झाली. तिच्या डोळ्याला कुठं साफ दिसतं ते ह्या माणसाला ठाऊक. मी नवरा असून नुसता विचारायचो, “दिसला का?” ती “व्हय” म्हणायची.

फोकसर ठेवून घेतला. पण माझ्या दुर्बिणीत तळाला जो आरसा, त्याचं भिंगापासनं अंतर निराळं, रेघा जुळंनात. तिचा डोळा आता नाय, पण दोन रेघांतलं अंतर ठरलेलं; भाईंची जुळली तरच तिची जुळणार. म्हंजे भाईंचाच डोळा पाहिजे. दिवेलागणीला दुर्बीण खांद्यावर घालून त्यांच्या दारात गेलो. चाक फिरवून नळी त्यांच्या रेघेवर ठेवली, भाईंनी डोळा लावला आन मी आरशाचे बोल्ट फिरवत बसलो.

“और थोडा... थोडा... बस. साफ!”

मग नळी तिच्या रेघेवर आणली आन मी डोळा लावला. मला चंद्र म्हंजे नुसता पिठाचा गोळा. तिला हितंच साफ दिसायचा. बराच वेळ बघत बसलो.

“तुमची पण रेघ मारून घ्या,” भाई म्हणाले.

“नको,” म्हणलं.

घरी येऊन भाईंची रेघ ब्लेडनं खरवडून काढली. तिची एकटीच ठेवली.