भिंतीवरचं उघडं दार

आमच्या घरात ‘अपशकुन’ हा शब्द काढायला बंदी होती. छप्पन साली बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले, आणि त्याच आठवड्यात त्यांनी पुढच्या खोलीतले देव बाहेर काढले, देवळी बुजवली, भिंतीला चुना मारला. तेव्हापासून कुणी शिंकलं की बाबा नेमके त्याच क्षणी घराबाहेर पडत. मांजर आडवं गेलं की त्यांची चाल उलट वाढे. बालाघाटच्या आमच्या मोहल्ल्यात कुणाच्या दाराला निंबू-मिरची दिसली, तर ते स्वतः ती काढायचे आणि घरच्या बाईला हसत चार गोष्टी समजावायचे. लोक त्यांना मानत. मी तर जरा जास्तच मानायची.

त्या पांढऱ्या भिंतीवर माझा डोळा होता. सात-आठ वर्षं ती कोरी होती आणि मी सोळा वर्षांची झाले होते. शाळा हिंदी, बाजार हिंदी, मराठी तेवढी घरात. म्हणून रद्दीत सापडलेलं एक मराठी पुस्तक मी अक्षरशः झिजवलं होतं. सुरुवातीची पानं गेलेली. लिहिणारा कोण, ते मला आजही ठाऊक नाही. त्यातलं एक वाक्य माझं फार लाडकं. घरातून गेलेला माणूस दार उघडं टाकून जातो आणि मागे राहिलेल्यांना ते लावायचं धाडस होत नाही, असा काहीसा त्याचा अर्थ. मूळ शब्द तोंडपाठ होते, अजूनही आहेत, पण ते कागदावर उतरवायला माझा हात धजत नाही. तेव्हा मात्र मी ते वहीच्या प्रत्येक पुठ्ठ्यावर लिहून ठेवायची. त्या वयात दुःखाची भारी हौस असते.

त्या वाक्याचं चित्र भिंतीवर काढायचं मी ठरवलं. गेरू घरात होता, चुना होता, कपड्यांची नीळ होती. अडलं ते काळ्यावर. दाराबाहेर मला गडद अंधार हवा होता आणि चुलीची काजळी भिंतीला धरेना. बाबा जंगलाकडच्या एका लहानशा मँगनीजच्या खाणीत होते. त्यांनी डब्यातून दोन काळे दगड आणून दिले. मी ते पाट्यावर वाटले आणि भाताच्या पेजेत कालवले. रंग असा बसला की ओल्या फडक्यानंही हलेना. आईचा पाटा कितीतरी दिवस काळा राहिला आणि तिनं मला चांगलंच फैलावर घेतलं.

उघडं दार झालं, बाहेरचा अंधार झाला. पण गेलेला माणूस दाखवायचा कसा? मी उंबऱ्याच्या आत त्याच्या चपला काढल्या. समोर ठेवून बघायला मोठ्या माणसाचा एकच जोड घरात होता, बाबांचा. टायरचा तळवा, डाव्या पट्ट्याला तार बांधलेली. हात चांगला होता माझा. तारेचा पीळसुद्धा जमला.

बाबा चित्रासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “वा. माह्या चपला भिंतीवर चढल्या.” आई स्वयंपाकघरातून आली, तिनं ती तार पाहिली आणि परत गेली. त्या दिवशी भात करपला. तिला काय वाटलं ते मला कळलं होतं, बाबांनाही कळलं असणार. पण तो शब्द काढायची सोय नव्हती, म्हणून तिघंही करपलेला भात मुकाट्यानं जेवलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात पाय धुताना बाबांनी मला हळूच सांगितलं, “खाली खाणीत छताचा एक टेकू करकरून राह्यला. मेटले सांगतलं, बदलव म्हणून. तो बदलवेपर्यंत मी काही खाली उतरत नाही. मायले बोलू नको, उगीच घोर करते.”

मेट म्हणजे त्यांच्या टोळीचा मुकादम. आईला त्यांनी सांगितलं, अंग दुखून राह्यलं. दोन दिवस ते घरी राहिले. एरवी तापातही कामाला जाणारा माणूस, चित्र झालं आणि तिसऱ्या दिवशी अंथरुणाला टेकला, असा हिशेब आईनं मनाशी मांडला. मला तिचा रागच आला होता. खरं कारण मला माहीत होतं, आणि बाबांनी ते मला एकटीला सांगितलं याचा तोराही होता.

शेजारच्या काकी पीठ मागायला आल्या आणि भिंतीपाशी थबकल्या. “बाई वं, धन्याच्या चपला काहाले काढल्या भिंतीवर? पुसून टाक.” नंतर नळावर, चार बायांत, आईला रडू फुटलं आणि मनातलं सगळं बाहेर पडलं.

दोन दिवस घरी काढून तिसऱ्या सकाळी बाबा चौकात पान खायला गेले आणि पान न खाताच परत आले. तिथं कुणीतरी सर्वांदेखत विचारलं होतं, “क्यों दादा, पोरीच्या चित्रानं तुमाले घरी बसवलं म्हणते?” सगळे हसले होते. बाबांनी इतकी वर्षं ज्यांच्या दारांवरच्या निंबू-मिरच्या काढल्या, तेही हसले होते.

बाबांचा चेहरा उतरला होता. दुपारच्या पाळीचे कपडे त्यांनी अंगावर चढवले. आई दारात आडवी उभी राहिली. “अवो, आजच्या दिस नका जाऊ.”

“काहून?”

ती भिंतीकडे बघत राहिली.

“ह्या चित्राले भिऊन मी घरी बसलो, असं लोक म्हणून राह्यले,” बाबा म्हणाले. “आज नाही गेलो तं उद्या सगळ्या मोहल्ल्यात परत निंबू लागतीन.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुह्यं चित्र कोणी पुसणार नाही.”

मी त्यांचा डबा भरून दिला. आई बाजूला झाली.

ऊन उतरायच्या आत खाणीचा ट्रक मोहल्ल्यात आला. टेकू त्या दुपारीही बदललेला नव्हता. मेट माणूस वाईट नव्हता, रडत होता. लाकूड आलं होतं, उद्या लावणार होते, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

त्यानंतर आई वीस वर्षं जगली. “मी नळावर रडली नसती, तं ते गेले नसते,” असं ती पाहुण्यांना सांगायची, नातवंडांना सांगायची, शेवटच्या आजारात डॉक्टरलाही तिनं सांगितलं. टेकूचं मला आधीपासून ठाऊक होतं, हे मी तिला कधीच सांगितलं नाही. दारात ती आडवी उभी होती तेव्हा माझ्या एका वाक्यानं भागलं असतं. मी विसरले नव्हते. मला आठवत होतं, जिभेवर आलं होतं. पण बाबा माझ्या चित्रासाठी निघाले होते आणि मला त्याचा आनंद झाला होता.