कुंडलिकरावांची रोजची टिप

नाहूरच्या सुयोग सोसायटीची इमारत पाडली त्याला आता बरेच महिने झाले, पण तिचा व्हॉट्सॲप ग्रुप अजून उभा आहे. बिल्डरकडून मिळणाऱ्या भाड्यात जिथे जमलं तिथे माणसं पांगली. कोणी मुलुंडला, कोणी गोरेगावला, कोणी थेट डोंबिवलीच्या पलीकडे. कुंडलिक गायकवाड आणि त्यांची बायको मीरा कांदिवलीला आले. तिथून कुंडलिकराव रोज सकाळी दाढी व्हायच्या आत ग्रुपवर 'आजची टिप' टाकतात.

टिप कॉम्प्युटरची असते, कधी मोबाइलची. फाइल कुठे ठेवली ते आठवत नसेल तर काय करावं, फोनमधली जागा भरली की आधी काय उडवावं, लिहिलेलं चुकून पुसलं गेलं तर कंट्रोल-झेड दाबून ते कसं परत आणावं. खाली अंगठे उमटतात, फुलं येतात. एकदा प्रिंटरवरच्या टिपेखाली कोणीतरी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. ते दुसऱ्या ग्रुपसाठी होतं असा खुलासा दुपारपर्यंत झाला.

कुंडलिकरावांना अंगठे नको होते. त्यांना दाराची बेल हवी होती.

ही विद्या त्यांनी हौसेने मिळवलेली नव्हती. गोरेगावला एका खासगी कंपनीत ते जावक विभागात होते. तिथे कॉम्प्युटर आले तेव्हा ते पंचेचाळिशीला टेकलेले. ज्याला येणार नाही त्याला घरी बसवणार, अशी कुजबुज होती. त्यात त्यांच्या टेबलावरच्या माऊसमधली गोळी कोणीतरी पळवली आणि नवा माऊस मंजूर होईपर्यंत वर्ष गेलं. तेवढ्या काळात कुंडलिकराव सगळं कीबोर्डच्या कळांवर करायला शिकले. माऊस आला तेव्हा त्यांनी तो पेपरवेट म्हणून वापरला.

सुयोगमध्ये या विद्येला किंमत आली. निकाल लागायचा असो, पासपोर्टची वेळ घ्यायची असो, की कोणाचा स्क्रीन अचानक उलटा झालेला असो, बेल वाजायची आणि पोर म्हणायचं, "काका, आईने बोलावलंय, वाट लागलीय." काका पायजम्यावरच जायचे. समोरच्या मालन परबांकडे सगळ्यात जास्त. त्यांचा कॉम्प्युटर महिन्यातून दोनदा तरी रुसायचा. जुनाच होता तो. मालनवहिनी चहा ठेवायच्या, कधी गरम घावणे काढायच्या, आणि काम झालं तरी कुंडलिकराव तासभर उठायचे नाहीत. मीरा मग समोरूनच हाक मारायची, "यंत्र दुरुस्त झालं असेल तर माणूस परत पाठवा."

कांदिवलीच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टला आरसा आहे, लॉबीत झाडं आहेत, आणि कोणाचं काही बिघडत नाही. बिघडलं तरी कोणी सांगत नाही. बेल वाजली की पार्सलवाला असतो, तोही शेजारच्यांकडे जाणारा.

"तुमचंच चुकतंय," एके दिवशी भाजी निवडता निवडता मीरा म्हणाली. "रोज सगळ्यांना शहाणं करून सोडता. मग तुम्हाला फोन करायचा कशाला?"

ती चेष्टेने बोलली होती. कुंडलिकरावांनी मात्र ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशीची टिप त्यांनी फार काळजीपूर्वक अपुरी लिहिली. स्क्रीनचा हवा तेवढाच तुकडा कापून घ्यायचा असेल तर विंडोजची कळ, शिफ्ट आणि एस एकदम दाबा, हवा तो भाग आखा, झालं. झालं कुठे? कापलेला तुकडा हवा तिथे चिकटवायला कंट्रोल-व्ही लागतं. ते त्यांनी गिळलं. तुकडा कुठे गेला म्हणून आता निदान तिघेचौघे फोन करतील, असा हिशोब होता. त्यांनी फोन चार्जिंगला लावला आणि आवाज मोठा केला.

चहा गाळून होईपर्यंत सुयोगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या जाधवांच्या हर्षदने, जो बँकेत कामाला होता, ग्रुपवर लिहिलं, "काका, शेवटी कंट्रोल-व्ही राहिलं 🙏". खाली व्हिडिओची लिंक. त्या लिंकला कुंडलिकरावांच्या टिपेला आजवर पडले नव्हते इतके अंगठे पडले.

"किती फोन आले?" मीराने विचारलं.

"हर्षद हुशार आहे," कुंडलिकराव म्हणाले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी टिप टाकली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ग्रुपवर कोणीतरी गुलाबाचं फूल टाकून सगळ्यांना सुप्रभात म्हटलं आणि सुयोग परिवार आपल्या कामाला लागला.

संध्याकाळी फोन वाजला. मुलुंडहून मालनवहिनी.

"भावजी, बरे आसात मां?"

"मला काय झालंय?"

"दोन दिवस टिप नाय. म्हटलां पडलात बिडलात काय."

कुंडलिकराव खुर्चीत सरळ झाले. "काही अडलंय का वहिनी? कॉम्प्युटर चालू करा, मी फोनवरून सांगतो."

"खंयचो कॉम्प्युटर? शिफ्टिंगच्या वेळी प्रांजलन भंगारात दिल्यान. हय ठेवूक जागा खंय आसा?"

प्रांजल त्यांचा मुलगा. कुंडलिकरावांना त्या कॉम्प्युटरचा पंखा कसा घरघरायचा ते आठवलं. त्याच्या भंगाराची बातमी त्यांना कोणी दिली नव्हती.

"मग टिपा कशाला वाचता?"

"रोज वाचतंय. कळणां काय एक नाय. पण तुमी लिवतात ना, 'आता एंटर दाबा', तां तुमच्या आवाजात ऐकाक येता. आमच्या हॉलात बसान म्हणायचात तसा. तुमी एंटर म्हटलात की मी चाय ठेवी. काम झालां ह्यां तेवढां माका समजायचां."

कुंडलिकरावांनी सुयोगच्या इमारतीचं विचारलं. मालनवहिनींची भाची तिकडून गेली होती. अजून खड्डाच आहे, म्हणाल्या, पाणी साचलंय, भोवतीचे पत्रे मात्र नवे लावलेत.

"या एकदा मुलुंडाक," त्या म्हणाल्या. "मीराक घेवन या."

"येतो," कुंडलिकराव म्हणाले. कांदिवली ते मुलुंड हे अंतर दोघांनाही माहीत होतं, आणि आपापले गुडघेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिप आली. इंटरनेटवर वाचत असताना चुकून बंद केलेलं पान परत उघडायचं असेल तर कंट्रोल आणि शिफ्ट दाबून ठेवा आणि टी दाबा. खाली वेगळ्या ओळीत लिहिलं होतं, 'आता एंटर दाबा.'

हर्षदचा मेसेज लगेच आला. "काका, एंटर लागत नाही. टी दाबलं की आपोआप उघडतं 🙏"

कुंडलिकरावांनी तो वाचला. टिपेत दुरुस्ती केली नाही.