पायाखालची संत्री

परीक्षक म्हणून बोलावलं की नाही म्हणायचं नाही, हा माझा जुना खाक्या. अमरावतीत वक्तृत्व स्पर्धा असो, हस्ताक्षराची असो, एकांकिका असोत की महिला मंडळाची पाककला, लोकांना माझंच नाव आठवायचं. चित्रकलेची शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, गोष्टींची पुस्तकं नावावर असलेली, वेळेवर येणारी आणि थोडक्यात बोलणारी बाई दुसरी कुठून मिळणार? पाककलेतलं मला काय कळतं ते विचारू नका. शाली इतक्या जमल्या की कपाटाचं दार लागत नाही, आणि नारळांची चटणी वाटून वाटून मी शेजाऱ्यांना नको नको केलं. पण घरात मी एकटी. नवरा गेला, मुलगा पुण्याला. "मॅडम, तुम्हीच पाहिजे," असा फोन आला की तो दिवस बरा जायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल.

चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, तर त्यांनी मला एका पांढऱ्या यंत्रात डोकं घालून बसवलं. आत दिवा चमकला की बटण दाबायचं. मी आपली बटणावर बोट ठेवून बसले, दिवा काही लागेना. शेवटी मी वैतागून म्हटलं, "बाई, तुमचं यंत्र बिघडलंय." त्या म्हणाल्या, "दिवे लागत होते."

काचबिंदू. कडेची नजर गेली होती, खालची तर फारच. समोरचं स्वच्छ दिसत होतं, म्हणून मला पत्ता लागला नाही. गेलेली नजर परत येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आहे ती टिकवायला थेंब टाकायचे, आणि ती टिकेलच असं त्या म्हणाल्या नाहीत. जन्मभर मी पोरांना "आधी नीट पाहा, मग पेन्सिल टेकवा" म्हणत आले. ऑटोत बसले आणि ढसाढसा रडले. ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं.

कोणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. डोळ्यांपुढे बांगडी धरून तिच्यातून पाहावं तसं मला दिसायचं, बांगडीबाहेरचं जग नाहीच. चित्र काढताना रंगाच्या पाण्याचा पेला रोज लवंडायचा, मग चित्रं थांबली. गोष्ट वाचायला उभी राहिले की ओळ संपायची आणि पुढची सापडायची नाही. एकदा भर सभेत तीच ओळ पुन्हा वाचली. तेव्हापासून मी माझ्या गोष्टी पाठ करायला लागले, कागद नुसता हातात धरायचा. लोक म्हणायचे, "मॅडम कागदाकडे पाहतसुद्धा नाहीत, काय तयारी आहे!" मी हसायची. घरी येऊन थेंब टाकायची आणि छताकडे तोंड करून पडून राहायची.

अशात अकोल्याचा फोन आला. जठारपेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये रांगोळी स्पर्धा, परीक्षक मी एकटीच. रांगोळी म्हणजे जमिनीवरचं काम, आणि मला नेमकं जमिनीवरचंच दिसत नव्हतं. नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं की कारण द्यावं लागतं, कारण दिलं की चारचौघांत पसरतं, आणि मग फोन येत नाहीत. फोन आलाच नाही तर मी सकाळी उठून करू काय? याची मला भीती वाटत होती, डोळे जाण्याइतकीच. मी हो म्हणून बसले.

हॉलच्या फरशीवर खडूने चौकोन आखलेले होते. परीक्षकाने चपला दाराशी काढायच्या आणि चौकोनांमधल्या वाटेने फिरायचं. मुली भिंतीला टेकून गप्प उभ्या. मी मान पार खाली घालून एकेक पाऊल टाकत होते. मागून संयोजक सर कोणाला तरी म्हणाले, "पाहा, किती बारकाईनं पाहतात."

शेवटच्या रांगेत मी थबकले. लांबून मला दोन हात दिसले. संत्री निवडणाऱ्या बाईचे हात, एका हातात फळ, दुसऱ्याचा अंगठा त्याच्या सालीवर. इतका खरा अंगठा मला जन्मात काढता आला नव्हता. नखाच्या कडेला मळसुद्धा होता. आता हिचा चेहरा कसा काढलाय, या ओढीने मी पुढे गेले. नजर वर, चेहऱ्यावर. तो चेहरा दिसला आणि माझे डोळे भरून आले.

मग लक्षात आलं की पायाखाली गार फरशी नाहीये. तळव्याला काहीतरी रवाळ लागत होतं. मान वाकवून, बांगडी फिरवावी तशी नजर फिरवून पाहिलं, तर मी रांगोळीच्या आत उभी होते. चित्राच्या खालच्या अर्ध्या भागात संत्र्यांचा ढीग होता, म्हणजे असणार. त्यावरून मी चालत आले होते, आणि साडीच्या काठाने हातही फरफटले होते. तो अंगठा गेला होता.

भिंतीजवळून एक मुलगी पुढे आली. रडली नाही, नुसती माझ्या पायांकडे पाहत राहिली.

"काही नाही मॅडम, होते असं," संयोजक धावत आले आणि तिच्यावरच घसरले, "तू एवढी कडेपर्यंत कावून काढली व? मॅडमनं पाय कुठं ठेवाचा?"

"तिची चूक नाही," मी म्हटलं. "मला दिसत नाही."

"असू द्या मॅडम, तुम्ही मनाले लावून घेऊ नका." त्यांनी वाकून तिचा नंबर लिहिलेली चिठ्ठी उचलली. पुसली गेलेली रांगोळी स्पर्धेतून बाद, असा नियम. मी म्हटलं, पहिलं बक्षीस हिचंच. ते हळू आवाजात म्हणाले, "बाकीच्या पोरी भांडतील मॅडम. त्याईले तं पुसलेलीच दिसून राहिली ना." त्यांचंही खोटं नव्हतं. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, ही म्हण मी कितीदा दुसऱ्यांच्या निकालांना लावली होती.

निकालाआधी परीक्षकाचं मनोगत असतं. माइक हातात आला. ठरवलं, आता सगळं सांगायचं, मग फोन येवोत न येवोत. म्हटलं, "मला काचबिंदू झाला आहे. माझी नजर गेली आहे आणि उरलेली जाते आहे. इथे बसायची माझी लायकी नाही. सर्वांत चांगली रांगोळी मी आज पायाखाली तुडवली. त्या मुलीची मी माफी मागते आणि यापुढे परीक्षक म्हणून कुठेही जाणार नाही."

आणि टाळ्या पडल्या. आमच्याकडे पाहुणा उठून "मी काय, सामान्य माणूस, माझी पात्रता नाही" असं म्हणतोच. त्याशिवाय भाषण सुरू होत नाही. माझं बोलणंही त्याच खात्यात जमा झालं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माइक घेतला आणि भारावून म्हणाल्या, "ज्यांना सगळं दिसतं, त्याच असं म्हणू शकतात." पुन्हा टाळ्या. मी काही बोलायला हात पुढे केला, तर त्यात नारळ ठेवला गेला आणि खांद्यावर शाल आली. पहिलं बक्षीस एका मोराला मिळालं.

हॉल रिकामा झाला. मी दाराशी पायाने चाचपत चपला शोधत होते. एका हाताने त्या माझ्या पावलांपुढे सरकवल्या. तीच मुलगी होती. वरूडकडची, इथे कॉलेजला आलेली. ते हात तिच्या आईचे होते, संत्र्यांच्या मालाची निवड करणाऱ्या बाईचे. फोटो दाखवायचं तिने आईला कबूल केलं होतं, पण फोटो निकालानंतर काढायचा म्हणून राहून गेला होता.

"तुमाले खरंच नाई दिसत?" तिने विचारलं. एवढ्या गर्दीत तिचा एकटीचा विश्वास बसला होता.

"खरंच नाही."

"मंग आल्या कावून तुमी?"

चिडून नव्हतं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी चपलांत पाय सरकवले. मग तिने मला हाताला धरून पायऱ्या उतरवून दिल्या आणि ती निघून गेली.

घरी आले. टाचेच्या भेगांतला केशरी रंग धुऊनही निघाला नाही, हाताला रवाळ लागत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी थेंब टाकून डोळे मिटून बसले होते, तर फोन वाजला. इथल्याच एका मंडळाचे गृहस्थ होते.

"मॅडम, अकोल्यातलं तुमचं भाषण मोबाइलवर पाहिलं. ते न दिसण्याचं काय सुंदर बोललात! आमच्याकडे पोस्टर स्पर्धा आहे. परीक्षक तुम्हीच पाहिजे, आणि शेवटी तेच बोला."

मी सांगितलं, अहो, ते खरं आहे. ते हसले. म्हणाले, "हेच, अगदी हेच."

फोन कानाला तसाच धरून मी बसले. घरात कुठलाही आवाज नव्हता. त्या मुलीचा प्रश्न आठवत होता, शब्दन् शब्द.

"तारीख सांगा," मी म्हटलं.