क्लचवरचा पाय

आमच्या आत्याची उंची बेताची होती, असं म्हणणंसुद्धा जरा उदारपणाचंच होईल. वडील तिला 'टिचभर' म्हणायचे. ते तिला चालायचं. फक्त असं म्हटल्यावर पाठीत धपाटा बसायचा आणि तो घालायला ती आधी स्टूल शोधून आणायची.

आजोबांची कंबर धरली आणि त्यांचं ट्रॅक्टरवर चढणं थांबलं, तेव्हा घरात प्रश्न उभा राहिला की आता चालवायचं कोणी? वडील कारखान्यात नोकरीला. आत्या म्हणाली, "मी आहे की." आजोबा पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी स्वतःच तिला शिकवायला बसले. त्यानंतर आमची आणि आजूबाजूच्या निम्म्या लोकांची नांगरट आत्याच करू लागली. ट्रॅक्टर माझ्या जन्माआधीचा. एकेकाळी लाल असावा. माझ्या आठवणीत तो भाजलेल्या विटेच्या रंगाचा आहे.

तिचं एकाच माणसाशी जमत नसे, तो म्हणजे मिस्त्री. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळे 'तोफ' म्हणत. आयुष्यभर इंजिनांशेजारी उभं राहून बोलल्यामुळे त्याला हळू बोलणं माहीतच नव्हतं. पत्र्याची शेड, तेलानं काळी पडलेली जमीन, रॉकेलच्या डब्यात भिजत घातलेले नटबोल्ट, आणि त्या सगळ्यावर त्याचा आवाज. इतरांचा क्लच वर्षानुवर्षं टिकायचा, आत्याचा मात्र बघता बघता झिजायचा. मग तोफ सुटायची.

"बाई, तुम्ही क्लचवर पाय ठेवून गाडी चालवता. क्लच म्हणजे काय पायपुसणं आहे?"

"मी नाही ठेवत."

"मग काय भुतं ठेवतात?"

आत्या तडक निघायची. घरी आल्यावर भांडी जोरात आपटायची. माझी आई तिची भावजय, पण दोघींचं मेतकूट असं की वडिलांची डाळ तिथं शिजत नसे. आई एकदा म्हणाली, "अगं, ठेवत असशील तर नको ठेवूस." तिच्याशीही आत्या दोन दिवस बोलली नाही.

मग एका हंगामात, ऐन नांगरटीच्या दिवसांत, ट्रॅक्टर शेतातच बसला. इंजिन गळा काढून ओरडतंय आणि चाकं ढिम्म. करपल्याचा वास घरापर्यंत आला. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं तो ओढत अंगणात आणला आणि मिस्त्रीला निरोप गेला. मिस्त्री एकटाच आला. त्याचा जोडीदार तापानं फणफणला होता.

क्लच बदलायचा म्हणजे ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो. त्यानं नळ्या काढल्या, तारा सोडल्या, दोन्ही बाजूंना जॅक लावले, बोल्ट काढले आणि मागचा भाग हळूहळू मागे ढकलला. आई पुढे कायम सांगायची, "ट्रॅक्टरचे दोन तुकडे बघितले आणि म्हटलं, आता हा कसला जुळतोय!"

मिस्त्रीनं क्लचप्लेट बाहेर काढली. अस्तर पार खलास, रिव्हेटची डोकी उघडी पडून चमकत होती. पेडल दाबलं की आतल्या लोखंडी बोटांवर टेकतं ते बेअरिंग तापून तापून निळं पडलेलं, म्हणजे पाय कायम पेडलवरच. आत्या पदर खोचून उभी होती, भांडणाच्या तयारीनं. पण तोफ सुटलीच नाही. मिस्त्रीनं प्लेट मांडीवर घेऊन उघड्या रिव्हेटांवरून बोट फिरवलं.

नवी प्लेट, नवं बेअरिंग बसलं. आता दोन्ही भाग जोडायचे, तर मागच्या शाफ्टचे दाते प्लेटच्या दात्यांत नेमके बसायला हवेत. मिस्त्री मागचा भाग रेटतोय, आत्या पहारीनं तो सरळ धरतेय, आणि पीठ मळता मळता उठून आलेली आई पुढून इंजिनाचा पंखा हळूहळू फिरवतेय, म्हणजे आतली प्लेट फिरून दाते जुळतील.

"वहिनी, जरासा! अहो, जरासा म्हटलं, गिरणी नाही चालवायची!" मिस्त्री मागून ओरडला.

खट् करून आवाज झाला आणि ट्रॅक्टर एक झाला. पंख्याच्या पात्यांवर कणीक लागली होती, ती पुढे बरेच दिवस तिथंच वाळून होती.

सगळं कसून झाल्यावर मिस्त्री म्हणाला, "बाई, जरा चालवून दाखवा." आणि तो बाजूला, आत्याच्या डाव्या पायाकडे तोंड करून उभा राहिला. इतकी वर्षं त्यानं ट्रॅक्टर उघडून बघितला होता, पण तिला चालवताना कधीच बघितलं नव्हतं.

आत्या सीटच्या अगदी कडेवर बसली. पाय ताणून पेडलपर्यंत नेला. आजोबांच्या लांब पायांच्या मापाची ती सीट. पाय उचलला तर तो अधांतरी लोंबायचा आणि घाईच्या वेळी पेडल सापडायचं नाही. म्हणून ती तो तिथंच टेकवून ठेवायची. भावानं टिचभर म्हटलेलं चालत होतं, पण परक्यासमोर "माझा पाय पुरत नाही" म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती.

मिस्त्री हत्यारं आवरून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच परत आला. सीट पुढे घेतली, खाली घेतली. पेडलवर लोखंडी ठोकळा जोडला, त्यावर जुन्या टायरचं रबर चढवलं. पाय टेकायला वेगळी पट्टी बसवली.

"माप मी घ्यायला हवं होतं," तो म्हणाला. आणि आई शपथेवर सांगायची, हळू आवाजात म्हणाला. "नुसता ओरडत राहिलो."

आत्या वर चढली. पाय सहज पोचला. तिनं मान दुसरीकडे वळवली आणि ट्रॅक्टर सरळ शेतात नेला.

पुढे मिस्त्री संध्याकाळी चहाला येऊ लागला. लोक कुजबुजले. आत्या म्हणायची, "लोकांना क्लच कुठं असतो ते ठाऊक नाही, बाकी सगळं ठाऊक असतं." दोघं ओट्यावर बसून कुणाचं इंजिन धूर टाकतंय यावर तासन्‌तास वाद घालायची. तसं बोलणं मी नंतर कुठं ऐकलं नाही.

मिस्त्रीची नजर अधू झाली तेव्हा मुलीनं त्याला आपल्या गावी नेलं. मग त्याचा फोन यायचा. ख्यालीखुशाली झाली की तो म्हणायचा, "बाई, ऐकवा जरा." आत्या ट्रॅक्टर चालू करायची आणि फोन इंजिनाजवळ धरून उभी राहायची. बराच वेळ. मग कानाला लावायची.

"बरा चाललाय," तिकडून आवाज यायचा. तो आम्हाला घरात बसूनही ऐकू यायचा.