आक्कानं फेडलेली मोटार

"इस्तू हाय का गं?"

सकाळी पुढच्या दारातून ही हाक आली की समजावं, आक्का आली. हातात फुटक्या घागरीची खापरी, खापरीत मूठभर राख आणि पदर कमरेला खोचलेला. इस्तू म्हणजे विस्तव. आमच्या चुलीतला निखारा खापरीत पडला की ती त्याच्यावर राख सारायची, इकडच्या बायकांच्या रीतीनं "येतो गं मी," म्हणायची आणि तिथंच बसकण मारायची. साऱ्या गल्लीच्या खबरा सांगून व्हायच्या. निखारा विझायच्या बेताला आला की मग तिची धावपळ उडायची.

तुमच्याही शेजारी कुणीतरी अशी असेलच. नसेल तर तुमचं नशीब जरा कमीच म्हणायचं.

मी बेळगावची. लग्न होऊन निपाणीत आले तेव्हा मला वाटलं, बाई विसराळू आहे, रोज काड्याची पेटी आणायचं राहून जातं. नव्या सुनेचा उत्साह मला होताच. मी एक कोरी पेटी तिच्या हातावर ठेवली. तिनं ती उलटीसुलटी करून बघितली, कानाशी हलवली आणि मला परत दिली.

"ठेव गं पोरी. हिच्यात मोटारीचा एक खिळा फिटतोय माझा."

मी सासूबाईंकडे बघत राहिले. ती गेल्यावर त्यांनी मला मोटारीची सगळी हकिकत सांगितली.

आक्काचे यजमान म्हणजे अण्णा. सगळी गल्ली त्यांना अण्णाच म्हणे. आमच्याकडच्या रस्त्यांवर सर्व्हिस मोटारी धावायला लागल्या आणि अण्णांच्या डोक्यात चाकं फिरू लागली. एक जुनी मोटार मिळत होती. पैसे नव्हते, पण बोलणं गोड होतं. गल्लीतल्या घराघरानं जमेल तसे पैसे दिले. आमच्या सासूबाईंनी तर मामंजींना पत्ता लागू न देता आपल्या पाटल्या मोडून दिल्या. निपाणी-बेळगाव मोटार सुरू झाली. सपाटीला ती झकास पळायची, तवंदीचा घाट आला की मात्र रुसायची. मग उतारूंनी उतरायचं आणि ढकलायचं. पुढं पुढं लोक चढायच्या आधीच विचारायला लागले, "अण्णा, आज बसायचं तिकीट हाय का ढकलायचं?" एक दिवस ती घाटात बसली ती बसलीच. भंगारवाल्यानं नेली. तिची पुढची गादीची सीट तेवढी उरली, ती अण्णांच्या घरामागच्या परड्यात शेवग्याखाली पडून होती.

गल्लीतलं कुणी अण्णांना टाकून बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. अण्णांनी आपण होऊन पुढचं दार स्वतःला बंद करून घेतलं. गल्लीचे पैसे फिटल्याशिवाय गल्लीत पाऊल टाकायचं नाही. एका तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायला जायचे ते परड्यातून, गटारावरून उडी मारून. संध्याकाळी यायचे तेही तसेच. मग त्या सीटवर शेवग्याच्या शेंगा बघत बसायचे. दिवाळीला आमच्या मामंजींच्या पाया पडायला आले तेही आमच्या परसातून. मांजराशिवाय त्या वाटेनं दुसरं कुणी येत नसे.

"माणूस घरात हाय, खरं अर्धाच हाय," आक्का म्हणायची. तिच्या बोलीत 'खरं' म्हणजे 'पण'. "ऱ्हायलेला अर्धा पुढच्या दारानं भाईर काढायचा हाय मला."

आणि त्यासाठी तिनं घरखर्चावर कात्री धरली. तिची रीत अशी, की रुपया-आण्याचं नाव काढायचं नाही. सगळा हिशेब मोटारीच्या भागांत. चहा बंद झाला तेव्हा म्हणाली, "एक दिवा फिटंल." साबण गेला, रिठे आले. "स्प्रिंगचा पाटा फिटंल." अण्णांनी बिडी सोडली. निपाणीत राहून, दिवसभर तंबाखूत बसून बिडी सोडलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. आक्का म्हणाली, "त्यांच्या बिडीत एक टायर हुता बघ."

भाजीला ती बाजार उठता उठता जायची. विकणारीला टोपली परत न्यायचा कंटाळा आलेला असतो, आक्काला घरी जायची घाई नसते. दोघींचं पाच मिनिटं भांडण व्हायचं आणि आक्का पदर भरून वांगी घेऊन यायची. दोन जुनी लुगडी मधोमध फाडून त्यांच्या चांगल्या बाजू जोडून ती दांडाचं लुगडं नेसायची. एक बाजू हिरवी, एक जांभळी. कुणी हसलं की म्हणे, "तुमी एक नेसलाय, मी दोन नेसलोय. गरीब कोण मग?"

मी तशी उधळीच. दिवा लावायला मला तीन काड्या लागायच्या. आक्का ते बघून कळवळायची. "काडी वढतीस, हात झाडतीस नि मग दिवा कुठं हाय बघतीस. आदी दिवा बघ की गं." तेव्हापासून आजतागायत मी आधी दिवा बघते.

असं करत एकेक घर फिटत गेलं. फिटलेल्या घरी ती खापरी घेऊन जायची ती जरा मान ताठ करून. गल्लीत बातमी व्हायची, आज कोपऱ्यावरच्या घराचं मागचं चाक फिटलं. आम्हीही तिच्याच भाषेत बोलायला लागलो होतो. शेवटी राहिलं एक स्टेरिंग. ते सासूबाईंचं. पाटल्यांची रक्कम सगळ्यांत मोठी. निम्मं तिनं देऊन टाकलं होतं, निम्मं राहिलं होतं. पण आक्का दमलेली दिसायला लागली. हनुवटी टोकदार झाली, गळ्याच्या शिरा दिसू लागल्या.

सासूबाई तोंडानं फटकळ, आतून लोणी. एका सकाळी निखारा देता देता म्हणाल्या, "आक्का, आता बास. ऱ्हायलेलं सोडलं मी. कवाधरनं पोटाला चिमटा काढालीस."

आक्कानं राख सारली, "येतो मावशी," म्हणाली आणि खरंच गेली. बसली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी मी खिडकीतून बघितलं, तर बाई खापरी घेऊन समोरच्या घरात शिरत होती. सासूबाईंनी बघितलं आणि भाकरी करपवली.

विहिरीवर मी तिला गाठलं. "आक्का, रागावलीस होय? त्यांनी चांगल्यासाठीच सोडलं की."

"राग न्हाय गं. खरं मी त्यास्नी आता काय सांगू? मावशीनं माफ केलं, चला भाईर? येतील व्हय ते? जन्मभर शेवग्याखाली बसतील." घागर कमरेवर घेऊन ती म्हणाली, "मावशीनं मधीच स्टेरिंग सोडलं बघ. गाडी कुटं न्यायची मी?"

हे मी घरी येऊन सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं, हातातलं सूप खाली ठेवलं आणि तशाच अनवाणी गल्लीत जाऊन उभ्या राहिल्या. भरदुपारी, कमरेवर हात ठेवून.

"आक्का! माझं पैसं कवा देणार? का बुडवायचं मनात हाय?"

गल्लीतली सगळी दारं उघडली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आक्का डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली आणि तितक्याच मोठ्यानं म्हणाली, "देतो मावशी. पै न् पै देतो. धीर धरवंना व्हय तुमास्नी?"

"न्हाय धरवत. मला माझं सगळं पायजे."

"सगळं घ्या की. कोण न्हाय म्हणतंय?"

दोघी अगदी पोटभर भांडल्या. आक्काच्या घराच्या मागच्या बाजूला शेवग्याखाली अण्णा बसले होते, त्यांनाही ते स्पष्ट ऐकू गेलं असणार, आणि ते ऐकू जावं म्हणूनच एवढा आवाज लागला होता. सासूबाई घरात आल्या, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्या. डोळ्यांना पाणी आलं होतं. "वरडून घसा बसला माझा," म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या. फटकळपणाची एवढी माया मी दुसरीकडे पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या दारातून हाक आली, "इस्तू हाय का गं?"

"मोठा घाल गं," आतून सासूबाई म्हणाल्या. "चिमूटभर देऊ नको तिला."

स्टेरिंग फिटायला आणखी दोन दिवाळ्या गेल्या. शेवटचे पैसे आक्कानं पदराच्या गाठीत बांधून आणले. सासूबाईंनी न मोजता डब्यात टाकले आणि ओट्यावर येऊन, कुणाला उद्देशून नाही असं, पण मोठ्यानं म्हणाल्या, "फिटलं बाई आक्काचं."

आमची गल्ली त्या संध्याकाळी फार शहाण्यासारखी वागली. कुणी टक लावून बघितलं नाही. कुणी झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं, मी निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले. आक्काच्या पुढच्या दारातून आधी मोटारीची सीट बाहेर आली, मग ती उचलून धरलेले अण्णा, आणि मागून दुसरं टोक धरलेली आक्का. सीट ओट्यावर ठेवली. अण्णा बसले. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतली. मग त्यांनी शेजारची जागा हातानं झटकली आणि आक्का चक्क त्यांच्याजवळ बसली. त्या काळी नवरा-बायको चारचौघांत असे बसत नसत.

"हलू दे की गाडी आता," सासूबाई ओरडल्या. अण्णांनी गंभीर चेहऱ्यानं तोंडानं भोंगा वाजवला. सगळी गल्ली हसली, आणि मी तांदळावर डोळे गाळत बसले.

दुसऱ्या दिवशी आक्का पुन्हा खापरी घेऊन हजर. मी म्हटलं, "आता तरी पेटी घे की."

"घेतलीया गं. खरं ती ह्यांच्या बिडीला," म्हणाली आणि ऐसपैस बसली.

पुढं सासूबाई गेल्या. नंतर काही वर्षांनी, चार दिवसांच्या तापात आक्का गेली. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. त्यानंतरच्या सकाळी मी चुलीपाशी होते, पुढच्या दारात कुणीतरी खाकरलं. बघते तर अण्णा. हातात तीच खापरी, तिच्यात राख जरा जास्तच झालेली.

"इस्तू..." म्हणाले आणि थांबले.

सदऱ्याच्या खिशातून काड्याची पेटी अर्धी बाहेर आली होती. मी चुलीतला मोठा निखारा त्यांच्या खापरीत घातला आणि म्हटलं, "बसा की अण्णा."

ते बसले. खबरा त्यांना सांगता येत नव्हत्या, म्हणून मीच सांगितल्या. बोलता बोलता निखारा विझून गेला. मी दुसरा घातला.